ऊस कारखान्याचा, मजूर कोणाचा?

१७ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने एक आदेश काढला. टाळेबंदीत जागोजागी अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी जाऊ द्यायचे, असा तो निर्णय होता. राज्यातल्या ३८ कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार मजूर मुक्कामाला आहेत, असे तेव्हा सांगण्यात आले. त्यांच्या याद्या करायच्या, आरोग्य तपासणी करून घ्यायची, गावाकडे रवानगी करायची, ही जबाबदारी कारखान्यांवर टाकण्यात आली. कारखान्यांनी याद्या केल्या, तपासण्या केल्या, माणसे गावी पाठवली. कोणत्या कारखान्यावर किती मजूर आहेत हे सरकारला माहीत होते, आणि त्यांना विचारायचे कोणाला हेही माहीत होते.

एरवी कारखान्याचे उत्तर ठरलेले असते: मजूर आमचे नाहीत. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढताना बाई घसरली, रात्रीच्या वाहतुकीत ट्रॉली उलटली, कोपीला, म्हणजे मजुरांच्या झोपडीला, आग लागली, की कारखाना म्हणतो, आमचा करार वाहनमालकाशी. वाहनमालक म्हणतो, मी पैसे मजूर जमवणाऱ्या मुकादमाला दिले, टोळी त्याची. मुकादम म्हणतो, मी काल-परवापर्यंत कोयताच चालवत होतो, माझ्याकडे देण्यासारखे काय आहे? तिघांचेही कागद तिघांच्या बाजूने बोलतात. मजुराच्या बाजूने बोलणारा कागदच कुठे नसतो.

स्थलांतरित मजुरांच्या कामाच्या अटींचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच योजनांकडे वळते. ओळखपत्र, विमा, वसतिगृह, आरोग्य शिबिर. हे सगळे हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण मालक कोण हे कायद्याने पक्के केल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही, असे माझे मत आहे. ऊसतोडीत मालक शोधणे जितके अवघड असल्याचे भासवले जाते तितके ते अवघडही नाही.

ऊस कधी तोडायचा हे कोण ठरवते ते पाहा. लागणीची नोंद कारखान्याच्या शेती विभागाकडे असते. कोणाच्या उसाला कधी तोड द्यायची हा कार्यक्रम तिथेच ठरतो. टोळी कोणत्या फडात उतरायची हे मुकादम ठरवत नाही, कारखान्याचा शेतावरचा माणूस, म्हणजे चिटबॉय, येऊन सांगतो. ऊस जमिनीलगत तोडला की बुडखा राखला, मोळीत पाचट किती गेले, यावर लक्ष कारखान्याच्या माणसाचे. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला नाही तर उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घसरतो, म्हणून गव्हाणीच्या (ऊस आत नेणाऱ्या पट्ट्याच्या) गरजेप्रमाणे गाड्या सुटतात आणि गाडी येईल तेव्हा, मग रात्रीचे दोन का वाजेनात, टोळीला उठून ती भरावी लागते. कामाची जागा, कामाची वेळ, कामाची पद्धत, तिन्ही गोष्टी कारखान्याच्या हातात. मालक-नोकर नाते शोधताना कामगार न्यायालये आणखी वेगळे काय पाहतात?

काट्यावरची वजनाची पावती घ्या. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव असते, गाव असते, उसाची जात असते, वाहनाचा नंबर असतो, वाहतूकदाराचा किंवा मुकादमाचा कोड असतो, भरलेले आणि रिकामे वजन किलोपर्यंत असते. ज्या दोघांनी पहाटेपासून तो ऊस तोडला त्यांचे नाव तिच्यावर नसते. साखरेचा एकेक क्विंटल, मळीचा एकेक टन ज्या संगणकात नोंदला जातो, त्यात दोन नावांना जागा नाही असे थोडेच आहे? ती नावे लिहिली की देणेकरी कोण हे ठरते, म्हणून ती लिहिली जात नाहीत.

पैशाचा प्रवास याहून बोलका आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे उसाची किमान रास्त किंमत, जाहीर केली. ही कारखान्याच्या दारातली किंमत. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा करून उरेल ते शेतकऱ्याच्या खात्यावर जाते. म्हणजे मजुरी देतो शेतकरी. पण शेतकऱ्याने टोळी आणलेली नसते, दर ठरवलेला नसतो, आणि त्याच्या बिलातून कापलेल्या रकमेपैकी मजुराच्या हातात किती पडले हे त्याला कोणी सांगत नाही. वजावट करतो कारखाना, ती पुढे वाटतोही कारखानाच. मजुरीचा एकूण एक रुपया ज्याच्या हिशेबातून जातो तो या व्यवहारात परका असल्याचे सांगतो, आणि आपण सगळे ते ऐकून घेत आलो आहोत.

दराच्या वाटाघाटींनाही मजुरांच्या संघटनांसमोर कारखान्यांचा साखर संघच बसतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत ३४ टक्के दरवाढ ठरली. टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ वर गेला, मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. वाढ चांगली होती, संघटनांनी ती संपाचा इशारा देऊन मिळवली होती. पण जे आपले मजूरच नाहीत त्यांच्याशी दराचा करार कोणता उद्योग करतो?

आता हे ३६६ रुपये मजुराच्या बाजूने बघू. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. दिवसभरात, म्हणजे पहाटेपासून गाडी भरून होईपर्यंत, एक जोडी दीड ते दोन टन ऊस तोडते, पाचट काढते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) छाटते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून गाडीत चढवते. दोन टन धरले तरी ७३२ रुपये झाले, दोघांचे. माणशी ३६६. फड लांब असला, ऊस लोळलेला असला, पाऊस झाला, कारखाना बंद पडला, तर त्यातूनही कमी. फडात बसून राहावे लागले तरी त्या दिवसाचे कोणी काही देत नाही, कारण टन पडलेला नसतो. आणि ही रक्कम संध्याकाळी हातात येत नाही. ती दिवाळीच्या आधीच घेऊन झालेली असते.

घेतलेल्या उचलीवरच, म्हणजे आगाऊ रकमेवरच, हा सगळा डोलारा उभा आहे. पावसाळ्यात, बीडमधल्या पाटोदा-शिरूरच्या किंवा पाथर्डीच्या गावांत हाताला काम नसते तेव्हा, मुकादम जोडीला लाखाच्या आसपास, कधी त्याहून जास्त उचल देतो. लग्न, आजारपण, बियाणे, घराचे पत्रे, असल्या कामांत ती संपून जाते. मग पाच-सहा महिने ती फेडायची. हंगामात मजुराच्या हातात रोख येते ती बाजारासाठीची आठवड्याची खर्ची आणि वाढे विकून सुटतील ते चार पैसे. एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा हिशेब होतो. तो लिहिलेला असतो मुकादमाच्या वहीत, आणि बहुतेक वेळा वाचूनही मुकादमच दाखवतो. फिटली तर फिटली, नाहीतर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाची टोळी तिथेच ठरून जाते. दुसरा मुकादम जास्त उचल देत असला तरी आधी पहिल्याची बाकी उचलावी लागते. उचलीसाठी माणसे डांबून ठेवल्याच्या बातम्या दर हंगामाला येतात.

आजारी पडण्याचीही किंमत असते. एक दिवस कामावर आले नाही की खाडा, आणि खाड्याला पाचशेपासून हजारापर्यंत दंड. जोडीतला एक जण बसला तरी खाडा जोडीला लागतो. मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपण, गर्भपात, या सगळ्या गोष्टी या हिशेबात तूट म्हणून धरल्या जातात. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. यावर चर्चा झाली ती खासगी दवाखान्यांच्या नफेखोरीची, बायकांच्या अज्ञानाची, शस्त्रक्रियेला सिव्हिल सर्जनची परवानगी सक्तीची करण्याची. ती गरजेचीच होती. पण तिशीतल्या बाईने पिशवी काढून टाकण्याला होकार देण्यामागे खाड्याचा दंडही उभा असतो, आणि खाडा लावण्यावर त्यानंतरही कोणी बंदी घातली नाही. कामाच्या अटीतून आलेले दुखणे आपण आरोग्य खात्याकडे पाठवून मोकळे झालो.

बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल संघटनाही फार बोलत नाहीत. कोयता जोडीचा असला तरी उचल घेतो नवरा, वहीत नाव नवऱ्याचे, हिशेबाला बसतो नवरा. फडात निम्मे काम, आणि कोपीवर आल्यावर पाणी-सरपण-चूल-पोरे हे सगळे काम करणारी बाई मजूर म्हणून कुठेच दिसत नाही. ती विधवा झाली किंवा टाकली गेली तर तिच्याकडे अर्धा कोयता उरतो, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत भाव नसतो.

कायदे नाहीत म्हणून हे चालले आहे का? अजिबात नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. आगाऊ रक्कम देऊन त्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करण्याची मुभा नाकारणे हे त्या कायद्यात स्पष्टपणे बसते. एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाखालची सक्तीची मजुरी. १९७९ मध्ये स्थलांतरित मजुरांसाठी खास कायदा झाला, पण तो आंतरराज्य मजुरांचा. तोच धागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या अटींच्या संहितेत आला, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिथेही स्थलांतरित म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला. आष्टीची जोडी निपाणीच्या पुढे जाऊन कर्नाटकातल्या कारखान्याला ऊस तोडत असेल तर ती कागदोपत्री स्थलांतरित. कागलच्या अलीकडे थांबली तर नाही. अंतर तेच, कोपी तीच, मुकादमही कदाचित तोच. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य ऊसतोड मजुरांना हा कायदा आडनावानेही ओळखत नाही.

राज्याने आपल्या परीने केले ते महामंडळ. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची स्थापना २०१९ ची, पण त्याला पैसा मिळण्याची वाट नंतर निघाली: गाळपावर कारखान्यांकडून टनामागे १० रुपये, आणि तेवढेच सरकारचे. हंगामात १,००० लाख टन गाळप धरले तर कारखान्यांचे १०० कोटी होतात. मजूर किती, याचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांच्या पुढे जातात. मधला दहा लाखांचा आकडा धरला तर वर्षाला माणशी हजार रुपये, सरकारचे धरून दोन हजार. यातून मुलांची वसतिगृहे चालवता येतील, आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. आईबापांबरोबर फडावर जाणारे पोर गावात राहून दहावी झाले तर एका घरातला कोयता सुटतो. पण भविष्य निर्वाह निधी, बाळंतपणाची भरपगारी रजा, अपघाताची भरपाई, म्हातारपणाचे निवृत्तिवेतन हे दोन हजारांत बसत नाही. ज्या उद्योगात एका टनाची तोडणी ३६६ आणि मुकादमाचे कमिशन ७३ रुपये आहे, तिथे मजुराच्या सामाजिक सुरक्षेला १० रुपये, हे प्रमाण कोणी ठरवले असेल त्याचे कौतुक करावे.

आणि महामंडळ मालक होऊ शकत नाही. ते देते, देणे लागत नाही. दिले तर योजना, नाही दिले तर निधी आला नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. १९६९ मध्ये याच राज्याने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. तेव्हाचा पेच हुबेहूब हाच होता: मुंबईच्या बाजारात हमाल आज या पेढीचा माल उचलणार, उद्या त्या, मध्ये टोळीवाला, आणि मालक कोण विचारले तर सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या त्या कायद्याने वाद घालत बसण्याऐवजी मंडळ उभे केले. मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी असलेले. ज्याचा माल त्याने मंडळाकडे नोंद करायची, मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही, म्हणजे अधिभार, मंडळात भरायची. मजुरी कामगाराला मंडळ देणार, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस, दवाखाना. कामगाराचा मालक रोज बदलला तरी त्याची नोकरी मोडत नाही. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकमध्ये चढणारी बाई आणि पाठीवर पोते घेऊन ट्रकमध्ये चढणारा हमाल, यांच्या कामात फरक काय आहे हे मला कोणी समजावून सांगावे. फरक एवढाच की हमाल शहरात होता, बारा महिने एका जागी होता, आणि त्याची संघटना बाजार बंद पाडू शकत होती.

ऊसतोडीसाठी असे मंडळ करायचे तर तपशील असे असावेत. मंडळाकडे प्रत्येक मजुराची नोंद त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या नावाने, जोडीने नव्हे. वजनाच्या पावतीवर तोडणाऱ्यांचे नोंदणी क्रमांक सक्तीचे. तोडणीचे पैसे कारखान्याने पंधरवड्याला मंडळाकडे भरायचे, मंडळाने दोघांच्या दोन खात्यांवर टाकायचे. उचल बंद करता येणार नाही. पावसाळ्यातल्या गरजा खऱ्या आहेत आणि बँका या माणसांना उभे करत नाहीत. पण उचल द्यायची ती मंडळाच्या नोंदीने, खात्यावर, आणि वसुलीला मर्यादा घालून: पंधरवड्याच्या मजुरीतून ठरलेल्या टक्क्यांपलीकडे कापायचे नाही, हंगाम संपल्यावर उरलेली बाकी माणसाला पुढच्या वर्षी बांधू शकणार नाही. खाड्याचा दंड गुन्हा ठरवायचा. गाडीची वाट पाहत फडात बसवले तर त्याचे पैसे द्यायचे. गाडी भरण्याची वेळ रात्री अकरा ते पहाटे चार या काळात बंद. पाणी, वीज, संडास असलेला तळ कारखान्याने द्यायचा, कारण लाखो टन ऊस कुठे ठेवायचा आणि गाड्या कुठे लावायच्या याचे नियोजन ज्याला जमते त्याला हेही जमते.

हे पाळले जाईल कशावरून, हा प्रश्न रास्त आहे. कामगार खात्याचे निरीक्षक फडाफडात फिरतील अशी आशा कोणी करू नये, ते कारखान्याच्या गेटच्या आतही क्वचितच दिसतात. पण साखर उद्योगात सरकारच्या हातात एक असा दोर आहे जो वीटभट्टीच्या किंवा बांधकामाच्या बाबतीत नाही: गाळप परवाना. दर हंगामाला पुण्याच्या साखर आयुक्तांकडून तो घ्यावा लागतो. एफआरपी थकवली तर तो अडवला जातो, निरनिराळे निधी भरल्याशिवाय तो मिळत नाही. शेतकऱ्याच्या पैशासाठी जो दोर ओढता येतो तो मजुराच्या पैशासाठीही ओढता येईल. मागच्या हंगामाची लेव्ही आणि मजुरी पूर्ण भरल्याचा मंडळाचा दाखला नसेल तर परवाना नाही. यासाठी एकही निरीक्षक वाढवावा लागत नाही. राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने आहेत. दहा लाख मजुरांमागे धावण्यापेक्षा दोनशे दारांवर उभे राहणे सोपे.

अर्थात त्या दोनशे दारांच्या आत कोण बसले आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. कारखान्याचा अध्यक्ष आणि विधानसभेतला कायदा करणारा हे पुष्कळदा एकाच घरातले असतात. ऊसतोडीवर पन्नास वर्षे समित्या आणि करार होत राहिले आणि कायदा झाला नाही, याचे कारण कुठल्याही अहवालात न शोधता इथे शोधावे.

आक्षेपांपैकी वजनदार तो शेतकऱ्याचा. लेव्ही आली की ती तोडणी-वाहतूक खर्चात घालून आमच्याच बिलातून कापणार, असे तो म्हणेल, आणि त्याचे बरोबर आहे. एरवीही तो टोळीला कंटाळलेला असतो. तोड मिळावी म्हणून टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्या, ड्रायव्हरला एंट्रीचे पैसे द्या, वर जेवण घाला. मजुराच्या गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांनी कधी तरी फेब्रुवारीत तुरा आलेला ऊस उभा असलेल्या शेतकऱ्याशी बोलावे. पण खुशाली का मागितली जाते? रोख हातात येण्याची दुसरी वाटच नसते म्हणून. मजुरी उचलीत जिरलेली, खर्ची तुटपुंजी, तेव्हा समोर दिसणाऱ्याकडून वसुली होते. पंधरवड्याला खात्यावर पैसे येऊ लागले आणि टोळीचा नोंदणी क्रमांक पावतीवर आला, तर तक्रार कोणाची करायची हेही शेतकऱ्याला कळेल. लेव्हीचा भार मात्र त्याच्यावर येऊ नये. साखरेबरोबर मळी, इथेनॉल आणि वीज यांचे उत्पन्न आता कारखान्यांना मिळते, लेव्ही त्यातून भरावी आणि तोडणी खर्चात दाखवायला कायद्यानेच मनाई असावी.

वाहनमालकाची बाजू तर कोणी मांडतच नाही. कारखान्याकडून आणि सावकाराकडून पैसे उचलून तो मुकादमाला देतो, आणि टोळी येतच नाही. मुकादम एकाच टोळीवर दोन-तीन ठिकाणी उचल घेऊन बसलेला असतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या ट्रॅक्टरमालकांची यात लाखोंची फसवणूक झाली आहे, कित्येकांचे ट्रॅक्टर बँकेने ओढून नेले. वसुलीला म्हणून ही माणसे बीडकडे जातात आणि तिथे मारामारीपर्यंत प्रकरणे जातात. उचल मंडळाच्या नोंदीवर आली तर एका मजुराच्या नावावर दोन ठिकाणी उचल निघणारच नाही. या सुधारणेत मजुराखालोखाल कोणाचा फायदा असेल तर तो या वाहनमालकाचा आहे, आणि मजुरांच्या संघटनांनी त्याला शत्रू मानणे सोडावे.

मजूर महाग केला तर हार्वेस्टर येईल, हे तिसरे. तो येतोच आहे, सरकार त्याला अनुदान देते आहे, आणि मजुराहून जास्त दर यंत्राला मिळतो ही संघटनांची जुनी तक्रार आहे. लहान वाफे, ओली काळी जमीन, चार फुटांच्या आतल्या सऱ्या, यांमुळे सगळा ऊस यंत्राने तुटायला वेळ लागेल. पण तुटणार हे नक्की. म्हणून तर घाई हवी. आज नोंदणी असेल तर उद्या यंत्र आल्यावर कोणाचे काम गेले आणि कोणाला काय द्यायचे हे ठरवता येईल. नोंद नसलेल्या माणसाचे काम गेले तर ते गेल्याचेही कोणाला कळत नाही.

माथाडी मंडळांचा गैरवापर हाही आक्षेप घेतला जातो. माथाडीच्या नावाखाली खंडणी वसूल करणाऱ्या टोळ्या कारखानदारीच्या पट्ट्यांत आहेत, हे खोटे नाही. पण त्या बहुतेक जागी नोंदणीच्या बाहेरच्या आहेत. हमाल पंचायतीच्या कामातून पुण्यात बाबा आढावांनी दाखवले की तोच कायदा नीट राबवला तर हमालाच्या घरात निवृत्तीचा पैसा येतो.

मधला थर काढून टाकला तर उद्योग बुडेल, ही भीती जगात सगळीकडे घातली जाते. जर्मनीत ती खाटीकखान्यांनी घातली होती. तिथे रुमानिया, बल्गेरिया, पोलंडमधून आलेले मजूर उपठेकेदारांच्या नावावर काम करत, त्यांच्याच खोल्यांत दाटीवाटीने राहत. जून २०२० मध्ये रेडा-वीडेनब्रुकच्या एका मोठ्या कत्तलखान्यात दीड हजारांहून जास्त कामगारांना करोना झाला तेव्हा त्या खोल्या देशाला दिसल्या. १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना कत्तल आणि मांस कापण्याची कामे उपठेक्याने देण्यावर कायद्याने बंदी आली. माणसे कंपनीच्या पटावर घ्यावी लागली. वर्षानुवर्षे अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट सहा महिन्यांत झाली, आणि जर्मनीत मांस मिळायचे थांबले नाही.

२०२४ मध्ये ठरलेल्या दरवाढीची तीन वर्षांची मुदत २०२५-२६ च्या हंगामाबरोबर संपते. पुन्हा बैठका होतील, पुन्हा आकडा मागितला जाईल, कोणी शंभर टक्के मागेल, पंचवीस-तीसवर मिटेल. आकडा मागावाच. पण या वेळी संघटनांनी दराच्या आधी तीन गोष्टी टेबलावर ठेवाव्यात: वजनाच्या पावतीवर नावे, खाड्यावर बंदी, आणि मंडळाचा कायदा होईपर्यंत प्रत्येक कारखान्याने आपल्या तोडणी करारात आपण मुख्य मालक असल्याचे लिहून देणे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना कायदा लागत नाही, आयुक्तालयाचे परिपत्रक पुरेल. तिसरी मान्य करायला कारखाने जितका वेळ लावतील त्या काळात कोयते बंद ठेवण्याची तयारी असावी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बॉयलर पेटवून बसलेल्या कारखान्याला एकेका दिवसाची किंमत चांगली कळते.